ई-सायकलच्या सीटचंही माप घ्यायला हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ई-सायकलींवरचं पान वाचलं. बॅटरी किती किलोमीटर चालते, मोटर मागच्या चाकात असावी की पायडलपाशी, २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर लायसन्स लागत नाही, सगळं नीट दिलं होतं. कात्रण काढून ठेवलं आहे. पण पान संपलं तरी ज्याच्यावर बसायचं त्या सीटबद्दल एक ओळ सापडली नाही. माझ्या ओळखीत चार जणींनी गेल्या दोन वर्षांत बॅटरीच्या सायकली घेतल्या. त्यातल्या तिघींच्या आज जिन्याखाली उभ्या आहेत. बॅटरी बिघडली नाही, गुडघे दुखले नाहीत. बसवत नाही, एवढंच कारण. आणि ते कारण कुणी घरातसुद्धा मोकळेपणाने सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे. कापावं लागलं तर कापा, पण मापाचा भाग तेवढा राहू द्या.

मी साताऱ्यात ३४ वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते. दिवसाचे आठ तास मशीनवर बसायचं, त्यामुळे वजन वाढलं आणि गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी चालण्यापेक्षा सायकल चालवा म्हणून सांगितलं. आमच्या गावात घरातून निघालं की कुठेतरी चढ लागतोच. साध्या सायकलवर यवतेश्वरचा घाट या वयात जमणार नव्हता. म्हणून गेल्या दिवाळीत मुलाने बॅटरीची माउंटन बाईक आणून दिली. जाड टायर, पुढे शॉकअप, सरळ रुंद हँडल, वजन २२ किलो. मोटर पायडलला जोर देते, पण पाय फिरवावे लागतातच. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. समर्थ मंदिर मागे टाकून घाटाला लागलं की खाली गाव दिसायला लागतं, एका अंगाला अजिंक्यतारा, सकाळी धुकं. इतक्या वर्षांत मी हा रस्ता फक्त एसटीच्या आणि गाडीच्या खिडकीतून बघितला होता.

आवडली नाही ती सीट. काळी, निमुळती, लांब नाकाची, हाताने दाबली तर मऊ वाटणारी. पहिल्या आठवड्यात बुड दुखलं, ते मी धरूनच चालले होते. पण दुसऱ्या आठवड्यात घाटाच्या अर्ध्यात पोचेपर्यंत पुढचा भाग बधिर व्हायला लागला. उतरून दोन मिनिटं उभं राहिलं की मुंग्या येऊन जाग यायची, परत बसलं की परत तेच. घरी आल्यावर लघवीच्या जागी आग व्हायची. दुकानात मशीनसमोर बसताना मी एका कुशीवर कलून बसायला लागले. कामाला येणाऱ्या मुलीने विचारलं, काकू, काय होतंय? मी पाठीचं नाव सांगितलं. मुलालाही तेच सांगितलं. मुलाला हे सांगायचं कसं, आणि सायकल जिथून घेतली त्या दुकानातल्या पोरांना तर सांगायचं तरी कसं!

शेवटी दुकानात गेले आणि सीट टोचते एवढंच म्हणाले. उत्तर मिळालं, वापरून वापरून सवय होईल. मग म्हणाले, जेलचं कव्हर टाका. ते टाकलं. दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवसापासून आधीपेक्षा जास्त त्रास. वर वळणावर ते कव्हर अंगाखाली फिरायचं ते वेगळंच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी स्कूटरसारखी रुंद, खाली स्प्रिंगा असलेली एक सीट दाखवली, ‘ही लेडीज सीट आहे’ म्हणून. तीही घेतली. तिच्यावर मांड्या घासून सोलल्या. तीन खेपा झाल्या, दोनदा पैसे गेले, आणि तिन्ही वेळा एकानेही माझं माप घेतलं नाही. सायकल घेतानासुद्धा मुलाला फक्त माझी उंची विचारली होती.

मी गिऱ्हाइकाला माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. जुना ब्लाउज मापाला आणला तरी टेप फिरवते, कारण माणूस बदललेलं असतं. आणि स्वतःसाठी मी ज्या वस्तूवर रोज तास-दीड तास बसणार, ती न मोजता घेतली होती.

उलगडा झाला तो आमच्या डॉक्टरबाईंकडे. आग थांबेना म्हणून गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी हाडाचं चित्र काढून दाखवलं. कमरेच्या हाडांच्या तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक गोलसर टोक असतं. आपण ताठ बसतो तेव्हा वजन या दोन टोकांवर यायला हवं, ती त्यासाठीच आहेत. त्यांच्या मधल्या मऊ जागेतून नस आणि रक्तवाहिन्या जातात. सीट अरुंद असली की हाडं सीटच्या कडेवरून घसरतात आणि सगळा भार मधल्या जागेवर येतो. बधिरपणा त्याचाच. जेलच्या कव्हराने का वाढलं तेही तेव्हा कळलं. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर फुगून त्याच नाजूक जागेला दाबतो. कापसाच्या नव्या गादीवर बसलं की मधे जसा फुगवटा येतो, तसंच. थोड्या वेळासाठी मऊ बरं वाटतं, तासभर बसायचं तर घट्ट भरावाची सीटच हवी.

त्यांनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली. नव्या माणसाची हाडं सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे दुखणारच, ते हळूहळू कमी होतं. बधिरपणाची मात्र सवय करून घ्यायची नाही. तिथे थांबायचं, उतरायचं आणि सीट बदलायची. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना हाच त्रास होता. तिथल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने त्यांना नाक नसलेल्या सीटा देऊन बघितल्या आणि त्रास कमी झाल्याचं नोंदवलं. म्हणजे हा प्रश्न फक्त बायकांचा नाही. पुरुषांनाही होतो, आणि तेही बोलत नाहीत.

आता माप. घरी करता येतं, खर्च काही नाही. फ्रीजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यायचा, आत नागमोडी कागद असतो तो. एका ठेंगण्या, कडक स्टुलावर तो ठेवायचा. स्टूल इतकं ठेंगणं हवं की गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतील. पातळ कपडा घालून त्याच्यावर बसायचं, हँडल धरल्यासारखं थोडं पुढे वाकायचं, आणि दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरून स्वतःला खाली ओढायचं. अर्धा मिनिट. उठून बघितलं तर मला आधी काही दिसलंच नाही. मग मी शिवणकामाचा निळा खडू आडवा धरून पुठ्ठ्यावरून हलकेच फिरवला. सगळीकडे रंग लागला आणि दोन जागा कोऱ्या राहिल्या, सुपारीएवढ्या. त्याच दबलेल्या जागा. दोन्हींच्या मध्याला फुली मारली आणि टेप लावली. १३ सेंटिमीटर.

दुकानातून सायकलबरोबर आलेली सीट मागे, सर्वांत रुंद जागी, १४ सेंटिमीटर होती. टेपला १४ म्हणजे १३ पेक्षा जास्तच, मग अडचण काय, असं वाटेल. पण सीटच्या दोन्ही कडा खाली वळलेल्या असतात. तिथे हाड टेकलं तर घसरणारच. टेकायला सपाट जागा हवी, म्हणून हाडांच्या मापात दोन ते अडीच सेंटिमीटर मिळवायचे. शिलाईसाठी आपण कापड सोडतो ना, तसं. माझं माप साडेपंधरा निघालं. चांगल्या सीटांवर खालच्या बाजूला नाहीतर डब्यावर ही रुंदी मिलीमीटरमध्ये छापलेली असते, १४३, १५५, १६८ अशी. मला तो आकडा आधी दिसलाही होता. मॉडेलचा नंबर असेल असं वाटलं होतं.

इथे मला एक सांगायचं आहे, कारण माझ्या धंद्यातली असूनही माझाच अंदाज चुकला होता. हे माप बुडाच्या घेरावरून, म्हणजे ज्याला आम्ही हिप म्हणतो त्यावरून, काढता येत नाही. नंतर मी हौसेने दुकानात येणाऱ्या काही बायकांची मापं घेतली. एक माझ्यापेक्षा निम्म्या अंगाची कॉलेजची मुलगी, तिचं साडेतेरा आलं. चांगल्या भरल्या अंगाच्या एक बाई, त्यांचं बारा. बायकांची ही दोन हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा एकमेकांपासून जास्त अंतरावर असतात हे खरं, पण ‘लेडीज’ असं लिहिलेली एकच सीट सगळ्यांना देणं म्हणजे गावातल्या सगळ्या बायकांना छत्तीस नंबरचा ब्लाउज देण्यासारखं आहे.

स्प्रिंगांची रुंद सीट वाईट असते असं मी म्हणणार नाही. माझे वडील पोस्टमन होते, परळी खोऱ्यातल्या गावांना सायकलने जायचे. त्यांची सीट चामड्याची होती, खाली दोन मोठ्या स्प्रिंगा. चामडं सैल पडलं की नाकाखालचा नट पान्याने आवळायचे. वर्षानुवर्षं वापरून त्या चामड्यावर त्यांच्या बसण्याचे दोन खळगे पडलेले होते, आम्ही पोरं त्यात हात ठेवून बघायचो. त्यांना ती सीट योग्यच होती, कारण जुन्या काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो. ताठ बसलं की सगळं वजन मागे येतं आणि रुंद जागा लागते. माउंटन बाईकवर आपण पुढे झुकतो. ती हाडं पुढच्या बाजूला एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे झुकलं की टेकणारा भाग जरा अरुंद होतो. आणि खडबडीत उतारावर अंग सीटच्या मागे न्यावं लागतं, तिथे रुंद सीट मांड्यांना अडते. माझ्या मांड्या सोलल्या त्या यानेच.

बॅटरीच्या सायकलचं तर आणखी वेगळं आहे, आणि आपल्या पुरवणीत हे यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. साध्या सायकलवर चढ लागला की माणूस पायडलवर जोर देतो. जितका जोर पायांवर, तितका भार सीटवरून कमी होतो. फार चढ असला तर उभंच राहतो, तेवढीच सीटला आणि बसणाऱ्याला विश्रांती. मोटर असली की पाय हलके पडतात, उभं राहायची गरजच नाही. मी यवतेश्वरचा अख्खा घाट बसून चढते. म्हणजे साध्या सायकलवर चालून गेलेली सीट बॅटरीच्या सायकलवर चालेलच असं नाही. त्यातून चढावर अंग मागे घसरतं आणि हात हँडल ओढून धरतात. म्हणून या सायकलींसाठी मागची कड उचललेली सीट मिळते. जर्मनीच्या एर्गोन कंपनीने तर ई-माउंटन असं नाव देऊनच ती काढली आहे. मी त्यांची घेतलेली नाही, मला ती महाग पडली. पण तशाच घडणीची, मागे जरा उठलेली, मधे खोल चर असलेली, आखूड नाकाची, १५५ मिलीमीटरची एक सीट मुलाने पुण्याहून आणली. त्या दुकानदाराने आठवडाभर वापरून बघा, नाही बसली तर परत आणा असं सांगितलं होतं. २,४०० रुपये. आधी वाया घालवलेले पैसे याहून जास्त होते.

कव्हराबद्दल एक शिवणारी बाई म्हणून सांगते. सीट घेताना तिची शिलाई बघा. बसायच्या जागेवर टाके असतील तर आपल्याकडच्या पावसात प्रत्येक टाक्याच्या भोकातून पाणी आतल्या फोममध्ये जातं. वरून पुसली तरी बसलं की कपडा ओला. तेच टाके मांडीला घासतात. बसण्याच्या जागी अखंड कापड आणि शिवण फक्त कडेला किंवा खाली, अशी सीट घ्यावी.

नवी सीट बसवल्याबरोबर सुख लागलं असं मात्र झालं नाही. पंधरा दिवस लावालावीत गेले. शेजारच्या गवंड्याची पाणसळ आणली आणि सीटवर लांबीला ठेवून आधी ती सपाट केली. सपाट असताना चढावर नाक अजून टोचत होतं, म्हणून नाक अगदी किंचित खाली केलं. जास्त केलं त्या दिवशी अंग पुढे घसरायला लागलं आणि भार हातांवर येऊन तळवे बधिर झाले. परत थोडं वर. उंचीसाठी सोपी रीत आहे. भिंतीला धरून सीटवर बसायचं आणि टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा वाक राहतो. सीट जास्त उंच झाली तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवी हलते आणि कितीही चांगली सीट असली तरी कातडी सोलते. सीटचा दांडा वर घेताना त्याच्यावर छापलेली शेवटची खूण मात्र बाहेर दिसू द्यायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधीच्या जागेवर पेनाने खूण करायची. दोन्ही बाजूंनी एकदम टाचलं की कुठली बाजू चुकली ते कळत नाही, हे मी शिकाऊ मुलींना रोज सांगते.

आणि कपडे. सलवारीच्या आसनात चार शिवणी एका जागी येतात. ती जाड गाठ नेमकी सीटच्या मध्यावर येते. मी माझ्यासाठी दोन पायांच्या मधे शंकरपाळीच्या आकाराचा तुकडा घालून पँट शिवली, म्हणजे शिवणी बाजूला जातात. सायकलच्या पॅडवाल्या चड्ड्या मिळतात त्याही चांगल्या. पण त्यांच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, नाहीतर आतली शिवण आणि घाम दोन्ही बाधतं. रोज धुऊन कडक उन्हात वाळवायची. हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं. छापायला संकोच वाटू नये ही विनंती.

फेब्रुवारीत मी घरून कास तलावापर्यंत जाऊन आले, जाऊन-येऊन जवळजवळ ५० किलोमीटर. वाटेत चहाला उतरले ती पाय मोकळे करायला, बधिर झालं म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मशीनवर सरळ बसून काम केलं.

आपल्या दैनिकामार्फत सायकलवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पन्नास-साठ हजारांची वस्तू विकताना दुकानात एक स्टूल आणि एक पुठ्ठा ठेवा. सीटची रुंदी सायकलच्या माहितीत छापा. बॅटरीचे आकडे छापता तसाच तोही छापा. आठवडाभर वापरून परत करायची सोय द्या. आणि शक्य असेल तिथे माप घ्यायला, बोलायला दुकानात एखादी बाई ठेवा. मला तीन खेपांत जे सांगता आलं नाही ते बाईपुढे मी पहिल्या खेपेला सांगितलं असतं.

जिन्याखाली सायकल उभी असलेल्या त्या तिघींपैकी दोघी माझ्याकडे माप देऊन गेल्या. एकीचं १२, एकीचं १४. तिसरीला निरोप पाठवला आहे. साताऱ्यातल्या आणखी कुणा बायकांना यायचं असेल तर गुरुवारी माझं शिवणाचं काम बंद असतं, दुपारी तीननंतर सावकाश वेळ देता येईल. आपल्याकडे विचारणा झाली तर माझा पत्ता जरूर द्यावा. माप घ्यायचे पैसे नाहीत. पुठ्ठा आणि खडू माझ्याकडे आहे, येताना पातळ सुती सलवार घालून यावं.

आपली नम्र,
एक शिवणकाम करणारी वाचक, सातारा